प्राणायामाच्या प्रयोगात तुलनेचा गट कसा ठेवावा

तुमचा बेत असा दिसतो: विश्रामबागेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं घ्यायची, निम्म्यांकडून चार आठवडे रोज सकाळी अनुलोम-विलोम करून घ्यायचं, बाकीच्यांनी काहीच करायचं नाही आणि आधी-नंतर एकाग्रतेची चाचणी घ्यायची. तुमचे प्रश्न दोन. काहीच न करणारा गट प्लासिबो गट (ज्याला खऱ्या उपचाराऐवजी तसाच दिसणारा, पण परिणाम नसलेला उपचार देतात) म्हणून चालेल का? आणि प्लासिबो म्हणजे मुलांना फसवणं होत नाही का?

पहिल्याचं उत्तर स्पष्ट आहे, चालणार नाही. औषधाच्या चाचणीत खरी आणि साखरेची गोळी हुबेहूब सारखी करता येते, त्यामुळे आपल्याला कुठली मिळाली हे कुणालाच कळत नाही. प्राणायाम करणाऱ्याला मात्र तो काय करतोय हे कळतंच. त्यात आपल्याकडच्या मुलांनी प्राणायामाने मन एकाग्र होतं हे शाळेपासून ऐकलेलं असतं. चाचणीला बसताना 'आता आपलं सुधारलं असणार' या भरवशावर ती जास्त नेटाने सोडवतात. दुसऱ्या गटाला तो भरवसाच नाही. मग मिळालेला फरक श्वासामुळे आला की भरवशामुळे, हे तुमचे आकडे सांगू शकणार नाहीत.

ही शंका हवेतली नाही. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी दोन प्रकारची पत्रकं लावली. एकावर मेंदूच्या व्यायामाने बुद्धी वाढते असं सुचवलं होतं, दुसऱ्यावर फक्त संशोधनात भाग घ्या एवढंच. दोन्हीकडून मिळून ५० जण आले आणि सगळ्यांनी तोच तासाभराचा सराव केला. पहिलं पत्रक वाचून आलेल्यांचे गुण बुद्ध्यांकाच्या भाषेत ५ ते १० अंकांनी वाढले, दुसऱ्यांचे वाढले नाहीत. म्हणून अभ्यासिकेच्या फलकावर 'एकाग्रता वाढवा' असं काही लावणार असाल तर कृपया लावू नका. 'श्वासाच्या सवयींचा अभ्यास' पुरे.

आता गट. दुसऱ्या गटालाही काहीतरी करायला द्या, आणि ते त्यांना तितकंच उपयोगाचं वाटलं पाहिजे. तीच वेळ, तीच खोली, शिकवणारी व्यक्तीही तीच. फक्त नाकपुड्या आलटून-पालटून बंद करण्याऐवजी शांत बसून नेहमीचा श्वास मोजायचा. याचा स्वतःचाही परिणाम असू शकतो, हे मान्य. त्यामुळे तुमचा प्रश्न थोडा अरुंद होतो: नुसतं श्वासाकडे लक्ष देऊन बसण्यापेक्षा अनुलोम-विलोमाने जास्त फायदा होतो का? पदव्युत्तर प्रकल्पाला एवढा प्रश्न भरपूर आहे.

पण नुसतं काम देऊन भागत नाही. बूट, सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली नेमकं हेच दाखवलं. व्हिडिओ गेमच्या संशोधनात तुलनेच्या गटाला टेट्रिस, म्हणजे ठोकळे रचायचा खेळ, देतात. पण मारधाडीच्या खेळाने अमुक चाचणीत सुधारणा होईल आणि टेट्रिसने तमुक, अशा लोकांच्या अपेक्षाच मुळात वेगळ्या असतात. तेव्हा पहिल्या आठवड्यानंतर दोन्ही गटांना विचारा: 'याने या चाचणीत किती फायदा होईल असं वाटतं?' शून्य ते दहा. दोन्हींची सरासरी जवळपास सारखी आली तरच पुढची तुलना प्रामाणिक.

काहीच न करणारा गट टाकून देऊ नका, तो तिसरा म्हणून ठेवा. तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की सरावाने गुण वाढतात, आणि पहिल्या दिवशी झोप न झाल्याने कमी पडलेला मुलगा नंतर आपोआप सरासरीकडे येतो. ही वाढ प्लासिबोच्या खात्यावर मांडणं चूक आहे. बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी १९५५ साली १५ अभ्यास एकत्र करून सुमारे ३५ टक्के रुग्णांना प्लासिबोने आराम पडतो असं लिहिलं, आणि तो आकडा आजही वर्गात सांगितला जातो. त्यात आपोआप बरं होणं वेगळं काढलेलंच नव्हतं. २००१ साली दोन डॅनिश संशोधकांनी प्लासिबो गटांची तुलना उपचार न घेतलेल्या गटांशी केली, तेव्हा वेदनेसारख्या सांगण्यावर अवलंबून असलेल्या गोष्टींत थोडा फायदा दिसला. बाहेरून मोजता येणाऱ्या गोष्टींत म्हणण्यासारखा दिसला नाही.

म्हणूनच 'तुम्हाला एकाग्र वाटतं का?' एवढ्यावर थांबू नका. स्ट्रूपसारखी (रंगाचं नाव वेगळ्याच रंगात छापलेलं असतं, त्या शाईचा रंग पटकन सांगायचा) वेळ मोजणारी चाचणीही घ्या आणि दोन्हींचे निकाल वेगवेगळे मांडा. चाचणी घेणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं आहे हे कळता कामा नये. मानसशास्त्रज्ञ रोझेंथाल यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना काही उंदीर 'हुशार' म्हणून दिले होते. उंदीर सगळे सारखेच होते, तरी 'हुशार' उंदरांनी चक्रव्यूहात चांगली कामगिरी केली. तुम्ही शिकवणार असाल तर चाचणी मैत्रिणीला घेऊ द्या.

राहिला फसवणुकीचा प्रश्न. या मांडणीत खोटं बोलायची गरजच पडत नाही. 'श्वासाच्या दोन पद्धतींची तुलना करतोय, कुठली जास्त उपयोगी हे अजून माहीत नाही' हे अक्षरशः खरं आहे, तेच संमतीपत्रात लिहा. कुठल्याही क्षणी सोडून जाता येईल हेही लिहा. शेवटच्या चाचणीनंतर सगळ्यांना पूर्ण हेतू समजावून सांगा. तिसऱ्या गटातल्या मुलांनी तुमच्यासाठी महिनाभर वाट पाहिलेली असेल. हवं असेल त्यांना प्राणायाम शिकवण्याचा वर्ग परीक्षेच्या तारखा बघून आधीच ठरवा, आणि त्याची वेळ संमतीपत्रातच टाका.