बालरोगतज्ज्ञ झाल्यावर संशोधनात उतरायचंय. आधी फेलोशिप करावी की थेट पीएचडी?

आधी फेलोशिप (बालरोगातल्या एखाद्या उपशाखेचं पुढचं प्रशिक्षण) करा, पण संशोधनासाठी राखीव वेळ लेखी मिळत असेल तिथेच. मी बालरोग विभागातल्या निवासी डॉक्टरांना संशोधनपद्धती शिकवते आणि बहुतेकांची गाडी अडते ती प्रश्नापाशीच. ‘नवजात बाळांची कावीळ’ हा नुसता विषय झाला. ‘फोटोथेरपी (काविळीवरचे प्रकाशोपचार) थांबवल्यावर बिलिरुबिन (कावीळ आणणारं रक्तातलं पिवळं द्रव्य) किती तासांनी पुन्हा तपासावं?’ हा खरा प्रश्न, आणि तो वॉर्डात रात्रपाळ्या केल्यावरच सुचतो. शिवाय मुलांचे बरेच आजार एकेका रुग्णालयात मोजकेच दिसतात, म्हणून अनेक केंद्रांना मिळून अभ्यास करावा लागतो. त्या ओळखी फेलोशिपमध्ये होतात. पालकांची संमती, जाणत्या मुलाचा स्वतःचा होकार, नैतिकता समितीची मंजुरी यांत महिने जातात, तेही धरून चाला. जागा निवडताना मार्गदर्शकाच्या नावाला भुलू नका (सगळेच भुलतात). त्यांच्या आधीच्या फेलोंपैकी किती जणांचा शोधनिबंध प्रथम लेखक म्हणून छापून आला, ते बघा. मात्र ओढा जनुकशास्त्र किंवा रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे असेल, तर पीएचडी लांबणीवर टाकू नका; ते काम दोन ड्युट्यांच्या फटीत होत नाही.