सहा लाखांचं बिटकॉइन की आधी ठिबक?

प्रश्न सासवडजवळच्या एका जोडप्याचा आहे. पुण्याची नोकरी सोडून दोघं गावी आले. तीन एकर जमीन, त्यात एकरभर सीताफळ (तिसरं वर्ष), अर्धा एकर अंजीर, बाकी कांदा-बाजरी. विहीर मे महिन्यात जेमतेम दोन तास चालते. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे ९ लाख बचत खात्यात आहेत. सोसायटीचं पीककर्ज आहे, शिवाय १ लाख २० हजारांचं सोनेतारण कर्ज १० टक्क्यांनी. त्यांना ६ लाखांचं बिटकॉइन घेऊन स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये (बिटकॉइनची किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र) ठेवायचं आहे, कारण बँकेवर आणि सरकारवर कमीत कमी अवलंबून राहायचं आहे. योजनेतून मिळालेल्या ५ एचपी सौर पंपाच्या पॅनेलवर मायनिंग यंत्र (गणितं सोडवून नवं बिटकॉइन मिळवणारा संगणक) चालेल का, हाही प्रश्न आहे.

उत्तर सरळ देतो. बिटकॉइन घ्या, पण सहा लाखांचं नाही, एक लाखाचं, आणि तेही दहा महिन्यांत. मायनिंग करू नका.

बिटकॉइनवर तुमचा विश्वास आहे, त्याला मी हात लावत नाही. २ कोटी १० लाख नाण्यांची मर्यादा खरी आहे आणि किल्ली, म्हणजे ते खर्च करण्याचा गुप्त संकेत, आपल्या हातात असली की मधला माणूस लागत नाही, हेही खरं. अडचण तुमच्या शेतीच्या तारखांची आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास होतं, वर्षभरात ते १६ हजारांच्या खाली आलं. असं पुन्हा झालं तर तुमच्या सहा लाखांचे दीड लाखही राहणार नाहीत. भाव परत येईलही, पण जूनमध्ये खत भरायचं असतं आणि मोटार जळाली तर त्याच आठवड्यात भरून आणावी लागते. तेव्हा पडत्या भावात विकावं लागलं तर तोटा कायमचा होतो. म्हणून ज्या पैशाला खर्चाची तारीख ठरलेली नाही, तेवढाच यात घाला.

तो किती निघतो, ते पाहू. घरखर्च तुम्ही महिना २० हजार लिहिलाय, वर्षाचे २ लाख ४० हजार बाजूला काढा. सोनेतारण आजच फेडा, १ लाख २० हजार. दहा टक्के वाचवण्याची खात्री दुसरं काहीच देत नाही. पीककर्ज मात्र आधी फेडू नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख सवलतीमुळे व्याज शून्य पडतं. फक्त तारीख चुकवू नका, नाहीतर ती सवलत हातची जाते. दोन हंगामांची खतं, औषधं, मजुरी यांना १ लाख ४० हजार. नोकरी सुटली तसा कंपनीचा आरोग्य विमाही सुटला, तेव्हा दोघांचा आरोग्य आणि मुदत विमा मिळून ४० हजार धरा. मोटार, पाइपलाइन, आजारपण यांसाठी ७० हजार. आणि ठिबकला ९० हजार. बेरीज सात लाख. उरले दोन. त्यातला एक लाख मुदत ठेवीत, एक लाख बिटकॉइनमध्ये.

ठिबकवर मी अडून बसतोय, कारण तुमची खरी परावलंबी जागा ती विहीर आहे. १६ बाय ८ फुटांवर एकरी साधारण ३४० झाडं बसतात. झाडाला चार लिटरचे दोन ड्रिपर दिले तर तासाला २,७२० लिटर लागतात. दोन तासांत प्रत्येक झाडाला १६ लिटर, आणि अख्ख्या एकराला साडेपाच हजार लिटरच्या आत. पाटपाण्यानं तेच दोन तास चार-पाच सऱ्यांत जिरून जातात आणि पुढच्या रांगांची फळं गळतात. उन्हाळी बहार धरायचा असेल तर याला पर्याय नाही.

अल्पभूधारकाला महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य मिळून ८० टक्के अनुदान आहे. पण ते सरकारी मापदंडावर मिळतं, दुकानदाराच्या बिलावर नाही. महाडीबीटीवर (राज्याच्या योजनांचं पोर्टल) अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय एक नळीही विकत घेऊ नका. आधी घेतलं की अनुदान बुडतं. पैसे आधी तुम्हीच भरायचे, अनुदान नंतर खात्यात येतं, कधी बऱ्याच उशिरा. म्हणून पूर्ण ९० हजार राखून ठेवायला सांगतोय.

मायनिंगचा हिशेब छोटा आहे. आजचं यंत्र साधारण साडेतीन किलोवॅट खातं, म्हणजे दिवसाला ८४ युनिट. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल सरासरी चार युनिट देतं. २४ तास चालवायला २१ किलोवॅट पॅनेल हवेत, वर रात्रीसाठी बॅटऱ्या. तुमचे पाच किलोवॅटच्या आतले पॅनेल पंपाच्या कंट्रोलरला जोडलेले आहेत. ढग आला की विजेचा दाब पडतो, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं. शिवाय पंप सिंचनासाठी मिळालाय आणि शेतीपंपाच्या वीजजोडणीवर असलं यंत्र चालवणं हा अनधिकृत वापर ठरतो. मायनिंगचा वीजखर्च आणि यंत्राची किंमत करातून वजाही होत नाही. पंप बंद असताना पॅनेल वापरायचेच असतील तर त्या कंट्रोलरवर कडबाकुट्टी चालते का, ते पुरवठादाराला विचारा.

आता कर. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, बिटकॉइनचा नफा नाही. त्यावर ३० टक्के आणि उपकर धरून ३१.२ टक्के लागतात, तुमचं बाकी उत्पन्न शून्य असलं तरी. एका विक्रीत ८० हजार नफा आणि दुसरीत ५० हजार तोटा झाला, तर हातात आले ३० हजार, पण कर ८० हजारांवर, म्हणजे २४,९६० रुपये. तोटा पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. म्हणून वरखाली खरेदी-विक्री करू नका. विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो. तो परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागेल, व्हीडीए (आभासी डिजिटल मालमत्ता) परिशिष्टासह. बाजार समितीच्या पट्ट्या आणि सातबारा जपून ठेवा, शेतीचं उत्पन्न दाखवायला तेच लागतात.

खरेदीसाठी एफआययूकडे (केंद्राचा आर्थिक गुप्तवार्ता विभाग) नोंदणी असलेलंच एक्स्चेंज निवडा. बिटकॉइन तिथून स्वतःच्या वॉलेटमध्ये काढता येतं का, हे पैसे भरण्याआधी तपासा. काही ठिकाणी येत नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले. अनोळखी माणसाशी पीटूपी, म्हणजे थेट दोघांतली, खरेदी-विक्री तर नकोच. विकताना समोरच्याचा पैसा सायबर गुन्ह्यातला निघाला की तुमचं खातं गोठतं, आणि पीएम किसान, पीककर्ज, बाजाराची पट्टी सगळं त्याच खात्यात. या कामासाठी वेगळं खातं उघडा.

दर महिन्याला १० हजार घ्या, पण वॉलेटमध्ये तीन-चार महिन्यांनी एकदाच हलवा. काढण्याचं शुल्क दर वेळी ठरावीक असतं, आणि बारीक तुकडे साचले की पुढे पाठवताना फी वाढते. हार्डवेअर वॉलेट थेट बनवणाऱ्या कंपनीकडून घ्या. वॉलेट परत उभं करण्याचे चोवीस शब्द आधीच छापून आले असतील तर ते वापरू नका. शब्दांचा फोटो काढायचा नाही. कागद ट्रंकेत ठेवला तर वाळवी खाते, म्हणून स्टीलच्या पट्टीवर कोरा, एक घरात, दुसरी गावाबाहेर खात्रीच्या नातेवाइकाकडे.

पहिल्यांदा पाच हजारांचंच बिटकॉइन हलवा. मग वॉलेटचं यंत्र पूर्ण पुसून फक्त त्या पट्टीवरून वॉलेट परत उभं करा. हे काम तुम्ही करू नका, वहिनींना करू द्या, तुम्ही शेजारी गप्प बसा. त्यांना जमलं की उरलेले हप्ते सुरू करा.