छायाचित्रातील सैनिक कोण? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावरील सुरिबाची डोंगरावर झेंडा उभारणारे सहा अमेरिकी सैनिक दाखवणाऱ्या, २३ फेब्रुवारी १९४५ च्या छायाचित्राबद्दल तेच ते प्रश्न सतत येत असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. शेवटचे तीन प्रश्न आपल्याकडील छायाचित्रांचे आहेत.

प्रश्न : या सहा जणांची नावे प्रत्येक ठिकाणी वेगळी का दिसतात? खरी कोणती?

हार्लन ब्लॉक, हॅरल्ड केलर, फ्रँकलिन साउस्ली, मायकेल स्ट्रँक, हॅरल्ड शुल्ट्झ आणि आयरा हेज. २०१९ पूर्वी छापलेली यादी वापरू नये.

प्रश्न : हे छायाचित्र सैनिकांना मुद्दाम उभे करून काढले होते, हे खरे का?

नाही. सकाळी एक लहान झेंडा उभारला गेला होता. त्याची छायाचित्रे लुई लोअरी यांनी काढली. नंतर त्याच्या जागी मोठा झेंडा उभारला जात असताना जो रोझेन्थाल यांनी हे प्रसिद्ध छायाचित्र टिपले. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या बिल जेनॉस्ट यांनी त्याच क्षणाचे रंगीत चित्रीकरण केले असून त्यात कोणीही कॅमेऱ्याकडे पाहत नाही. पुढे रोझेन्थाल यांनी सैनिकांना झेंड्याखाली गोळा करून आणखी एक छायाचित्र घेतले. ‘फोटो उभे करून काढला का?’ असे विचारल्यावर, प्रश्न त्या दुसऱ्या छायाचित्राचा आहे असे समजून त्यांनी होकार दिला. त्या एका होकारावर ही अफवा आजवर जगते आहे.

प्रश्न : अमेरिकेसारख्या देशाला सहा नावे निश्चित करायला चौऱ्याहत्तर वर्षे का लागली? बरोबरच्या सैनिकांनी सांगितले, ते पुरेसे नव्हते का?

चूक शिरली ती नेमकी याच वाटेने. रोझेन्थाल यांनी नावे टिपून घेतली नव्हती आणि छायाचित्रात चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. दोनच दिवसांत ते अमेरिकेतील वृत्तपत्रांत झळकले आणि युद्धकर्जाच्या (युद्धखर्चासाठी सरकार जनतेकडून घेत असलेल्या कर्जाच्या) प्रचारासाठी हे सैनिक सरकारला तातडीने हवे झाले. चौकशी होईपर्यंत स्ट्रँक आणि ब्लॉक १ मार्चला, तर साउस्ली २१ मार्चला मारले गेले होते. त्या दिवशी डोंगरावर असलेले सैनिक रेने गॅनन यांनी सांगितलेल्या यादीत ब्लॉक यांच्या जागी हेन्री हॅन्सन यांचे नाव आले. हेज यांनी ही चूक अधिकाऱ्याच्या लक्षात आणून दिली. परंतु यादी जाहीर झाली आहे आणि ब्लॉक व हॅन्सन दोघेही हयात नाहीत, तेव्हा गप्प राहावे, असे त्यांना सांगण्यात आले. पुढच्या वर्षी हेज स्वतः टेक्ससला जाऊन ब्लॉक यांच्या वडिलांना भेटले, तेव्हा कुठे चौकशी झाली आणि जानेवारी १९४७ मध्ये ते एक नाव दुरुस्त झाले.

उरलेली यादी मात्र तशीच राहिली. प्रचारासाठी देशभर फिरवलेल्या गॅनन, जॉन ब्रॅडली आणि हेज या तिघांपैकी छायाचित्रात प्रत्यक्ष आहेत ते एकटे हेज. उरलेल्या दोघांना खोटारडे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ब्रॅडली सकाळच्या झेंड्यापाशी होते आणि मोठा झेंडा डोंगरावर नेला तो गॅनन यांनीच. एकाच दिवसाच्या दोन घटना आठवणीत एकमेकींत मिसळतात, म्हणूनच केवळ आठवणीवर नाव ठरवू नये, असे मी वारंवार लिहितो.

अखेर उलगडा केला तो कपड्यांनी आणि सामानाने. हौशी अभ्यासकांनी त्या दिवशीची इतर छायाचित्रे शेजारी ठेवून पँटचे दुमडलेले पाय, कमरेचे पट्टे, शुल्ट्झ यांच्या शिरस्त्राणाचा लोंबणारा पट्टा आणि त्यांच्या रायफलीला वेगळ्या ठिकाणी अडकवलेली वादी ताडून पाहिली. त्यामुळे २०१६ मध्ये ब्रॅडली यांच्या जागी शुल्ट्झ यांचे नाव आले. बोटातील लग्नाची अंगठी केलर यांच्याकडे निर्देश करत होती आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये गॅनन यांच्या जागी त्यांचे नाव लागले. केलर १९७९ मध्ये वारले, शुल्ट्झ १९९५ मध्ये. दोघांच्या हयातीत कोणी त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, याचे मला आजही दुःख होते.

प्रश्न : एका स्टुडिओने आमच्या आजोबांचे अस्पष्ट छायाचित्र संगणकावर स्वच्छ करून, एका गाजलेल्या युद्धचित्रातील सैनिक तेच असल्याचे प्रमाणपत्र दिले आहे. ते ग्राह्य धरावे का?

मुळीच धरू नये. असे तंत्र पुसट चेहरा ‘स्वच्छ’ करताना मूळ चित्रात नसलेला तपशील स्वतः भरते, आणि त्या भरलेल्या चेहऱ्याशी जुळवणी करणे हा पुरावा नव्हे. अशा प्रमाणपत्रासाठी पैसे घेणे ही कुटुंबाच्या मायेची केलेली विक्री आहे. मूळ प्रत जपून ठेवावी आणि जाणकार अभिलेखपालाला दाखवावी.

प्रश्न : १९७१ च्या ढाक्यातील शरणागतीच्या छायाचित्रात माणेकशा कोणते?

ते त्यात नाहीत. बसलेले आहेत ते भारताचे जगजितसिंग अरोरा आणि पाकिस्तानचे ए. ए. के. नियाझी. मागे डावीकडून व्हाइस ॲडमिरल कृष्णन, एअर मार्शल दिवाण, लेफ्टनंट जनरल सगतसिंग आणि मेजर जनरल जेकब उभे आहेत. जेकब यांच्या खांद्यावरून डोकावत आहेत ते फ्लाइट लेफ्टनंट कृष्णमूर्ती आणि उजवीकडे मायक्रोफोन धरलेले आकाशवाणीचे सुरजित सेन.

प्रश्न : आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. एका पुस्तकातील छायाचित्रात ते आहेत असे वडील म्हणतात. खात्री कशी करावी?

वडिलांचे म्हणणे आजच त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून घ्यावे, पण तो निर्णय मानू नये. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण इटलीत आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, तर तिसरी दहाव्या डिव्हिजनमध्ये. म्हणून आधी आजोबांची पलटण शोधावी आणि मग छायाचित्रातील खांद्यावरचे चिन्ह कोणत्या डिव्हिजनचे आहे ते पाहावे. चिन्ह जुळले नाही, तर चेहरा कितीही सारखा वाटो, पुढे जाऊ नये. जुळले, तर सेवा क्रमांक, सुटकेची कागदपत्रे आणि पदके यांच्या प्रती घेऊन बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा. मूळ कागद टपालाने पाठवू नयेत. घरातील छायाचित्रांमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत, आणि हे काम वडील सांगू शकतात तोवर, याच आठवड्यात करावे.