सहा आठवड्यांत थेरपिस्ट? आधी विचारा, तिचं काम ऐकणार कोण

पत्र : मुलगी नागपुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. एक संस्था सहा आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सवर ‘सर्टिफाइड थेरपिस्ट’ करून देते म्हणते. पैसे भरू का? – एक आई, मानेवाडा

ताई, पैसे भरू नका. त्या कागदावर तिला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येणार नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. आधी नियमित कॉलेजातून एम.ए. करू द्या. पुढचा नेहमीचा रस्ता दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा होता, पण यूजीसीने त्याला २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली होती. म्हणून प्रवेशाच्या वेळी आरसीआयच्या यादीत अभ्यासक्रम, संस्था आणि मान्यतेची मुदत, तिन्ही पाहा. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ असं सांगणाऱ्यांकडे फी भरू नये.

मान्यता असली तरी एक प्रश्न विचाराच : विद्यार्थ्याच्या सेशनचं रेकॉर्डिंग, रुग्णाच्या संमतीनं, सुपरवायझर ऐकतात का? ओसीडीचं, म्हणजे नको ते विचार मनात घोळत राहून तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचं, उदाहरण घ्या. सतत हात धुणाऱ्या माणसाला उपचार म्हणून दाराच्या कडीला हात लावायला सांगतात आणि नंतर हात धुवू देत नाहीत. त्याची घालमेल नवख्या थेरपिस्टला बघवत नाही. तो म्हणतो, ‘काही होत नाही हो, कडी स्वच्छ आहे.’ झालं! आता हात धुण्याऐवजी त्या धीराच्या शब्दांची सवय लागते आणि आजार तिथंच राहतो. लेखी पेपरात ही चूक सापडत नाही. विद्यार्थी स्वतः सेशनचा वृत्तांत सांगतो तेव्हाही ती निसटते, कारण धीर दिला हे त्याला चांगलंच वाटत असतं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र ती लगेच ऐकू येते.

सीबीटीसाठी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीसाठी, तर गुण देण्याची ठरलेली पट्टी आहे : ११ मुद्दे, प्रत्येकी ० ते ६, एकूण ६६. साधारण ४० गुणांना काम सक्षम धरतात. अशी पट्टी वापरणारा विभाग मिळाला, तर घरापासून लांब असला तरी पाठवा.

दुसरी खूण मोजमापाची. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची प्रश्नावली आहे. ती फक्त पहिल्या भेटीत भरून फाइलला लावली तर उपयोग थोडाच. उपचार चालू असताना ती पुन्हा पुन्हा भरून घ्यायची, गुण उतरत नसतील तर उपचाराचा फेरविचार करायचा. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथं शून्य सोडून काहीही आलं, तर त्याच भेटीत स्पष्ट विचारायचं.

एम.ए. करताना शासकीय मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात निरीक्षणाची परवानगी मिळेल का, हे तिनं विभागप्रमुखांमार्फत लेखी अर्ज करून विचारावं.