नवेगाव बांधला जायचंय? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधच्या तलावाचा एक फोटो छापला होता, चहूकडून डोंगर न मधे पाणी. त्यावर इतकी पत्रं आली, इतके मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं जागेत बसत नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हापुन्हा आले ते घेतलेत. नावं छापत नाही, गाव-तालुका तेवढा देतो.

प्रश्न : भाऊ, आम्ही दारव्हा तालुक्यातले. कापूस वेचणी आटपली की जानेवारीत आईले घेऊन जाव म्हणतो. आईचं वय ७६, गुडघे दुखतात. तलाव पायाले जिप्सी करून जंगलाच्या आत जा लागते का? आपल्याजवळ गाडी नाही.

उत्तर : भाऊ, बिनधास्त घेऊन जा आईला. तलाव गावाला लागूनच आहे, तो पाहायला सफारी लागत नाही. जिप्सी लागते ती नवेगाव राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या जंगलात जायला, त्याचं गेट वेगळं, बुकिंग वेगळं, ते वन विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर होतं आणि गेटवर ओरिजिनल ओळखपत्र मागतात. आईला जिप्सीत बसवू नका असं माझं मत, रस्ता कच्चा असतो, दोन-तीन तास गचके बसतात, गुडघ्याचं दुखणं वाढवून घ्यायचं काही कारण नाही. त्यापेक्षा सकाळी ऊन पडल्यावर काठावर खुर्ची टाकून बसवा, समोर पाणी, पलीकडे डोंगर, पाखरं, आईला एवढं पुष्कळ होते.

गाडी नसली तरी अडत नाही. ७५ च्या वर वय असलं की एसटी राज्यात कुठंही फुकट, आधार कार्ड जवळ ठेवा म्हणजे झालं. घरच्या बायकांना अर्धं तिकीट आहेच. यवतमाळहून नागपूर, नागपूरहून भंडाऱ्यावरून साकोली, पुढं कोहमारा, आणि कोहमाऱ्याहून उजवीकडे वळलं की नवेगाव. नागपूरहून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. पण एका दिवसात दारव्ह्याहून तिथवर नेऊ नका, नागपूरला कोणी नातेवाईक असेल तर एक मुक्काम करा. रेल्वेनं जायचं असेल तर बडनेऱ्याहून विदर्भ किंवा महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियाला जाते, आणि गोंदिया-बल्लारशा लाइनवर देवलगाव नावाचं बारकं स्टेशन आहे, ते नवेगावला सगळ्यात जवळचं. तिथं पॅसेंजरच थांबते, टाइम आधी पाहून घ्या.

आणि थंडीचं लक्षात ठेवा. जानेवारीत विदर्भातला सगळ्यात कमी पारा पुष्कळदा गोंदियाचाच असतो, त्यात पाण्याकाठची हवा. आईसाठी कानटोपी, मोजे, जाड शाल, आणि राहायची खोली आधीच बुक करा, तिथं जाऊन शोधू म्हणाल तर म्हातारं माणूस सोबत घेऊन फिरत बसाल.

प्रश्न : मी मंगरूळपीर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. सहावी-सातवीच्या मुलांची सहल काढायची आहे, साधारण ४५ मुलं. आमच्या भागात मोठा तलाव नाही, मुलांना एक सुंदर नैसर्गिक तलाव दाखवावा असं वाटतं. नवेगाव योग्य राहील का? मुलांना काय काय दाखवता येईल?

उत्तर : मॅडम, योग्य राहील, नक्की न्या, पण आधी एक गोष्ट मुलांना सांगा की हा तलाव नैसर्गिक नाही, माणसांनी बांधलेला आहे. मला विचाराल तर तिथं पाहण्यासारखं सगळ्यात मोठं तेच आहे.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला असं मानतात. सिमेंट नाही, मशीन नाही, जेसीबी नाही. डोंगरातून पावसाचं पाणी कुठून उतरतं, कुठं थांबतं, कुठल्या खिंडीत माती टाकली की अडेल हे डोळ्यांनी पाहून ठरवलं, आणि साधारण अकरा चौरस किलोमीटरचं पाणी उभं केलं. म्हणजे डोंगर हीच भिंत, माणसानं फक्त मधल्या फटी बुजवल्या. भोवतालच्या सात शिखरांना लोक सातबहिणी म्हणतात, या सात बहिणींनी बांध घालायला मदत केली अशी गोष्ट तिथं सांगतात, आणि कोलू पाटलांना लोकांनी देव केलं, कोलासूर म्हणून त्यांचं ठाणं आहे. एका तलाव बांधणाऱ्याला देव केलं या लोकांनी, ही गोष्ट मुलांना सांगाच. तलावाच्या मधे एक बेट आहे त्याला मालडोंगरी म्हणतात, ते काठावरून दाखवता येतं.

कोहळी समाजानं असे तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारोंनी बांधले. पुढं मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारजमा झाले, म्हणून आता त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, शॉर्टमध्ये मामा तलाव. वाशिमच्या मुलांना कापूस-सोयाबीनचं शेत माहीत आहे, धानाचं नाही, तर येताजाता रस्त्यात बस थांबवून बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, दाखवा, तलावाचं पाणी पाटानं शेतात कसं जातं ते दाखवा, पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, दाखवा, जादा पाणी निघून जायची वाट दाखवा. भूगोलाच्या पुस्तकात जे सिंचन-सिंचन म्हणतात ते समोर उभं दिसेल.

सफारीचा नाद ४५ मुलांसाठी करू नका. एका जिप्सीत सहा जण बसतात, हिशोब केला तरी कळेल, आणि मुलं गप्प बसत नाहीत, ती त्यांची चूक नाही. त्यापेक्षा शाळेत दोन-तीन दुर्बिणी जमवा, पाळीवर आळीपाळीनं पक्षी पाहायला लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा टाइम, तलवार बदक, लालसरी, अडई, कमळाच्या पानावरून चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी. आपलं नशीब असेल तर डोक्यावर काळे पट्टे असलेला पट्टकादंब, हा हिमालय ओलांडून येतो. आणि बरं का, नवेगावपासून थोडं पुढं गोठणगावच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, तिकडून आलेली माणसं आणि तिकडूनच येणारी पाखरं एकाच तालुक्यात, मुलांना नकाशावर तिबेट दाखवून मग हे सांगा, विसरणार नाहीत.

सारस पाहायचा असेल तर तो गोंदियाकडच्या धानपट्ट्यात, महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळपास तिथंच उरलाय. जोडीनं राहतो, शेतातच घरटं करतो, म्हणजे शेतकऱ्यानं ठेवलं तरच राहतो. जंगलावर, पाखरांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली सर वन अधिकारी म्हणून नवेगावला बरीच वर्षं होते, २०२५ च्या जूनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचं नाव मुलांना ठाऊक असायला पाहिजे, सहलीच्या आधी वर्गात एक तास त्यांच्यावर घ्या.

एसटीची शालेय सहलीसाठी सवलत आहे, डेपोत मुख्याध्यापकांच्या पत्रासह अर्ज करा, डिसेंबरात गाड्यांची मारामार असते म्हणून आधीच करा.

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुट्टीत, मे महिन्यात गेलं तर चालेल का? (ता. समुद्रपूर)

उत्तर : ताई, फोटोत पाहिलं तसं भरलेलं पाणी मे मध्ये नाही दिसणार. हा कामाचा तलाव आहे, पाणी धानाला सुटतं, मग ऊन, काठ बराच आत सरकतो. वरून ४४-४५ डिग्री. जनावरं पाण्यावर येतात म्हणून सफारीवाले उन्हाळा पसंत करतात ते खरं आहे, पण लहान पोरं असतील तर नका जाऊ. पाणी पाहायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबर, तेव्हा तुडुंब असतो आणि डोंगर हिरवेगार, फक्त जुलै ते सप्टेंबर जंगल सफारी बंद असते. मार्च-एप्रिलात गेलात तर पहाटे मोहाच्या झाडाखाली एकटं फिरू नका, मोह खायला अस्वल येते.

प्रश्न : आमी लाखनी तालुक्यातले पोट्टे, आठ-दहा जण. ३१ डिसेंबरले तलावाच्या काठी टेंट टाकून रात्रभर राहाचं, चिकन-बिकन, छोटा स्पीकर, सकाळी डोंग्यात बसून त्या बेटावर जाचं. परमिशन कोन देते?

उत्तर : पोरांनो, स्पष्ट सांगतो, याची परमिशन मिळत नाही आणि मिळूही नये. १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ पासून नागझिरा अभयारण्यासोबत मिळून व्याघ्र प्रकल्प आहे. आत रात्री मुक्काम, चूल पेटवणं, स्पीकर, हे सगळं वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे, आणि थर्टी फर्स्टला वन विभागाची गस्त नेहमीपेक्षा जास्तच असते. पण कायदा बाजूला ठेवा. त्या रात्री पाण्यावर हजारो पाखरं झोपलेली असतात, दूरदेशाहून उडून आलेली, आवाज झाला की सगळा थवा उठतो, अंधारात उडतो, ज्या ताकदीवर त्यांना परत जायचं असतं ती तिथंच संपते. तुम्हाला एक रात्र मजा, त्यांना जिवाचं काम.

डोंग्याचं तर अजिबात मनात आणू नका. २०१७ च्या जुलैत नागपूरजवळ वेणा तलावात काय झालं आठवा, तुमच्याच वयाची पोरं, मित्र-मित्र, बोट उलटली, अंगात लाइफ जॅकेट नाही. मासेमारीचा डोंगा एक-दोन माणसांसाठी असतो, चार जण बसले न एकानं फोटोसाठी उभं राहायचं म्हटलं की संपलं. थंडीत पाण्यात पडलं की पोहता येणाऱ्याचेही हातपाय आखडतात. अधिकृत बोटिंग चालू असेल तर जॅकेट घालून, पट्टे बांधून बसा, जॅकेट नाही म्हणाले तर बसूच नका.

खरंच जायचं तर खोली घ्या, रात्री गावात जेवा, पहाटे साडेपाचला उठून पाळीवर या. १ जानेवारीचा सूर्य सातबहिणींच्या मागून कसा येतो ते पाहा, आठच्या आठ जण गप्प होऊन जाल.

प्रश्न : आमी अकोटचे. मेळघाट, चिखलदरा उशाशी आहे. तिथंबी तलाव हाय, डोंगर हाय, वाघ हाय. मंग इतक्या दूर काहून जाव? आन वाघ दिसन का?

उत्तर : भाऊ, वाघासाठीच जायचं असेल तर नका जाऊ, ताडोब्याला जा. नवेगाव-नागझिऱ्यात वाघ कमी आहेत, म्हणूनच २०२३ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. नवेगावच्या जंगलात रानगवा, बिबट, अस्वल, रानकुत्रे दिसतात, पाण्याकाठी नशिबानं पाणमांजर. चिखलदरा हजार मीटरच्या वर, थंड हवेचं ठिकाण, तिथं दऱ्या पाहायच्या, तलाव लहान. नवेगावचे डोंगर बुटके, तिथं पाणी मोठं. दोन्ही विदर्भातच आहे, पण झाडीपट्टी, म्हणजे हा पूर्व विदर्भातला जंगल-धानाचा भाग, आपल्या वऱ्हाडातल्या लोकांनी फार कमी पाहिलीय याचं मला खरंच वाईट वाटतं. दोन दिवस हातात असतील तर जा, सोबत इटियाडोह धरण आणि प्रतापगड करा, प्रतापगडावर महादेवाचं देऊळ आणि दर्गा दोन्ही आहेत, महाशिवरात्रीला मोठी जत्रा असते.

प्रश्न : मी तलावाजवळच्याच गावची, धीवर समाजाची. तुम्ही लोकांना या-या म्हणता, पण पर्यटक काठावर प्लास्टिक, बाटल्या टाकून जातात, फुटलेल्या काचा आमच्या पायात जातात. जाळं वाळत घातलं की त्यावर उभे राहून फोटो काढतात. विचारत नाहीत. हेही छापा. (ता. अर्जुनी मोरगाव)

उत्तर : ताई, छापतो, आणि तुमचं पत्र सगळ्यात शेवटी घेतलं ते मुद्दाम, वरचं सगळं वाचून जे निघायच्या तयारीत असतील त्यांनी हे वाचूनच निघावं.

वाचकहो, तलावातल्या मासेमारीवर धीवर घरं चालतात. बायका-माणसं अनवाणी पाण्यात उतरतात. एक बाटली फुटली म्हणजे त्यांचे कामाचे दिवस गेले. आणि ही माणसं फक्त मासे काढत नाहीत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या तलावांत बेशरम नावाची बाहेरून आलेली वनस्पती माजली होती, पाण्यातल्या देशी वनस्पती गेल्या, त्यासोबत देशी मासे गेले, पाखरं कमी झाली. तेव्हा धीवर बायकांनीच कंबरभर पाण्यात उतरून बेशरम उपटली, गाळात नांगर फिरवून पाणवनस्पतींची रोपं पुन्हा लावली, आणि मासे-पाखरं परत यायला लागली. तुम्ही दुर्बिणीतून जे बदक पाहणार आहात ते ज्या वनस्पतीवर जगतं ती कोणीतरी हातानं लावलेली असू शकते.

तेव्हा काचेची बाटली नेऊच नका. कचऱ्याची पिशवी सोबत ठेवा, भरलेली पिशवी घरी आणा, गावात टाकू नका. जाळ्यावर पाय देऊ नका. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. पाण्यात शाम्पू-साबण लावून आंघोळ करू नका. थंडीत तिथं तलावातले शिंगाडे विकायला असतात, ताजे मासे असतात, ते त्यांच्याकडूनच घ्या आणि भाव पाडून मागू नका. मासळी सकाळीच संपते, तेव्हा लवकर जा.