वाचक विचारतात: अर्थमितीचा पेपर अन् बाबांच्या कापसाच्या पावत्या

या महिन्यात अर्थमिती, म्हणजे इकॉनोमेट्रिक्स, आकड्यांवरून आर्थिक गोष्टींचे संबंध मोजायचा विषय, याच एका विषयावर तीन पत्रं आली, म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न मागे ठेवले. सगळ्यात आधी जे आलं त्यालाच जास्त जागा देतेय, कारण ते वाचून मला रात्री झोप लागली नाही.

प्रश्न : ताई नमस्कार, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली, एम.ए. अर्थशास्त्र करतेय. बी.ए. पूर्ण मराठीत झालं आणि गणित दहावीनंतर सुटलंच. आता इकॉनोमेट्रिक्सचा पेपर कम्पल्सरी आहे. सर तासाला येतात, फळाभर मॅट्रिक्स लिहितात, बीटाच्या डोक्यावर टोपी काढतात, आम्ही उतरवून घेतो आणि तास संपतो. एकदा विचारलं तर म्हणाले सिद्धता पाठ करा, पेपरात तीच येते. टेस्टमध्ये २० पैकी ६ पडले. वर्गात कोणालेच काही समजत नाही पण बोलत कोणी नाही, सगळ्या माना हलवतात. घरी बाबा म्हणते, जमत नसन तर राहू दे. मी खरंच ढ आहे का? आणि याला रिग्रेशन काहून म्हणतात एवढं तरी सांगा.

उत्तर : नाही बाई, तू ढ नाहीस. जी पोरगी रिग्रेशन काहून म्हणतात असं विचारते ती ढ असूच शकत नाही, तो प्रश्न तर पहिल्या तासालाच यायला पाहिजे होता. आधी त्याचंच सांगते. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन म्हणून एक संशोधक होते, त्यांनी आईबापांची उंची आणि त्यांच्या मोठ्या झालेल्या लेकरांची उंची मांडून पाहिली. खूप उंच आईबापांची लेकरं उंचच निघाली, पण आईबापांइतकी नाही, सरासरीकडे थोडी परतलेली, आणि बुटक्यांचीही तशीच, थोडी वर सरकलेली. हे परत फिरणं म्हणजे रिग्रेशन. १८८६ साली त्यांनी हे छापलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच, आज आपण उंचीचं काही करत नाही, एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज देणारी रेष आकड्यांत बसवतो, तरी शब्द तोच आहे.

आता माझं सांगते. मी पण अशाच वर्गात बसले होते. गॉस-मार्कोव्हची, म्हणजे रेष काढायची आपली रीत 'बेस्ट' आहे असं सांगणाऱ्या प्रमेयाची, सिद्धता मला झोपेत म्हणता यायची, मार्कही बरे पडले, पण त्यातलं 'बेस्ट' म्हणजे कशात बेस्ट हे कोणी विचारलं असतं तर मी गप्प बसले असते. मला ते समजलं घरी, दिवाळीच्या सुट्टीत. आमच्या ओसरीवर खिळ्याला एक तार अडकवलेली असायची, तिच्यात बाबा कापसाच्या पावत्या टोचून ठेवायचे, एकावर एक, काही तेलकट, काहींवर शाई पसरलेली. ती तार काढून मी सगळ्या पावत्या सतरंजीवर पसरल्या आणि वहीत दोन रकाने आखले, ओलावा आणि भाव.

तुला त्याच धर्तीवर एक छोटं गणित देते, आकडे सोपे पडावे म्हणून मी बनवलेले आहेत. समज व्यापाऱ्याकडच्या पाच पावत्या आहेत. ओलावा ८, १०, १२, १४, १६ टक्के आणि भाव ७४००, ७३००, ७१००, ७०००, ६८०० रुपये क्विंटल. ओलाव्याची सरासरी १२ आणि भावाची ७१२०. आता प्रत्येक पावती सरासरीपासून किती लांब आहे ते लिही, ओलाव्याचं उणे ४, उणे २, शून्य, २, ४ आणि भावाचं २८०, १८०, उणे २०, उणे १२०, उणे ३२०. जोडीजोडीने गुण आणि बेरीज घे, उणे ३००० येते. ओलाव्याच्या फरकांचे वर्ग करून बेरीज घे, ४० येते. भागाकार उणे ७५. झालं, हाच तो टोपीवाला बीटा, म्हणजे आकड्यांवरून काढलेला रेषेचा उतार! कापूस एक टक्का जास्त ओला असला की क्विंटलमागे ७५ रुपये गेले, तुझे बाबा हे वाक्य एका दमात समजतील बघ. आणि ७१२० मध्ये १२ गुणिले ७५ मिळवले की कळतं, रेष ८०२० पासून सुरू होते, म्हणजे ओलावा शून्य असता तर एवढा भाव, पण शून्य ओलाव्याचा कापूस कोणाच्या वावरात निघतो? म्हणून या सुरुवातीच्या आकड्याचा, म्हणजे इंटरसेप्टचा, अर्थ लावताना दरवेळी थांबून बघायचं. रेषेपासून पाच पावत्या किती चुकल्या तेही काढ, उणे २०, ३०, उणे २०, ३०, उणे २०, बेरीज बरोबर शून्य. सरांनी फळ्यावर लिहिलेलं 'एररची बेरीज शून्य' ते हेच, तुझ्या हाताने आलेलं.

आणि तो भीतीदायक मॅट्रिक्स? त्यात याच पावत्या बसलेल्या आहेत. एक्समध्ये दर पावतीची एक ओळ, तिच्यात १ आणि ओलावा. एक्स ट्रान्सपोज एक्स म्हणजे वरच्या ओळीत ५ आणि ६०, खालच्या ओळीत ६० आणि ७६०. ५ पावत्या, ६० ओलाव्याची बेरीज, ७६० त्याच्या वर्गांची. डिटरमिनंट २०० येतो. पुढचं तू कर, उत्तर पुन्हा उणे ७५ च यायला पाहिजे. आलं की मग सिद्धता वाच, आधी नको. परीक्षेला सिद्धता येतेच हे खरं आहे, पण ती या आकड्यांनंतर वाचली की पाठ करावी लागत नाही, ओळीमागून ओळ आपोआप सुचते.

आता ते 'बेस्ट'. जिनिंगवरचा, सरकी काढायच्या कारखान्यातला, वजनाचा काटा आठव. एक काटा दर गाडीला दोन किलो कमीच दाखवतो, दुसरा कधी थोडा जास्त कधी थोडा कमी, पण सरासरीत बरोबर. दुसरा अनबायस्ड. असे सरासरीत बरोबर असणारे बरेच काटे असतील तर ज्याचा काटा सगळ्यात कमी हलतो तो बेस्ट. गॉस-मार्कोव्ह एवढंच म्हणतं की काही अटी पाळल्या तर लीस्ट स्क्वेअर्स, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी ठेवणारी आपली वरची रीत, हा अनबायस्ड आणि लिनियर, म्हणजे भावांना वजनं देऊन नुसती बेरीज करणाऱ्या, काट्यांमधला सगळ्यात कमी हलणारा काटा आहे. अटी मोडल्या की हे प्रमाणपत्र गेलं, आणि अर्धा पेपर म्हणजे कोणती अट मोडली की काय होतं एवढाच आहे.

त्यातली एक गोष्ट तर आपल्या गावात रोज दिसते. तू एकर आणि मिळालेला भाव एवढंच घेऊन रेष काढली तर बहुतेक असं दिसेल की ज्याच्याकडे जास्त एकर त्याला जास्त भाव. मग काय, एकराने भाव वाढतो का? दोन एकरवाल्याला दिवाळीला पैसा पाहिजे, उधारी फेडायची, रब्बीचं बियाणं आणायचं, तो पहिल्या वेच्याचा ओला कापूस तसाच गाडीत टाकतो. वीस एकरवाला घरात गंजी लावून जानेवारीपर्यंत थांबतो, तोवर कापूसही सुकतो. भाव ठरवला ओलाव्याने आणि विकायच्या तारखेने, आणि श्रेय गेलं एकराला. याला ऑमिटेड व्हेरिएबल बायस म्हणतात, आणि मला हे जेव्हा कळलं तेव्हा मी सतरंजीवरून उठून बाबांकडे बघत राहिले, कारण आमचे साडेतीन एकर होते आणि आम्ही दरवर्षी दिवाळीलाच विकायचो. हमीभावाच्या सरकारी खरेदीतही ओलाव्याचं हेच, ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात आणि १२ च्या वर घेतच नाहीत. म्हणजे ज्याला थांबता येत नाही तो हमीभावालाही मुकतो. हे ज्या विषयातून दिसतं तो विषय आपल्या पोरींनी पाठांतरावर सोडून द्यावा हे मला सहन होत नाही.

सरांबद्दल. 'पाठ करा' हे उत्तर चूकच आहे, ते मी चूकच म्हणेन. पण वर्गात सगळ्या माना हलवत असतील तर त्यांनाही वाटत असेल की समजतंय. चौघीजणी मिळून जा, आणि 'सर काहीच कळत नाही' असं नका म्हणू, ही पाच पावत्यांची वही समोर ठेवा आणि विचारा की सर यात ओलाव्यासोबत तारीख पण घालायची तर मॅट्रिक्स कसा होईल. अशा नेमक्या प्रश्नाला मास्तर खडू उचलतोच, मी पाहिलंय.

प्रश्न : ताई, मी मेहकर भागातला शेतकरी. पोरगी एम.ए.ला आहे, रात्री बारा बारा वाजेपर्यंत हे अर्थमिती का काय ते करत बसते. याच्यानं नोकरी लागते का?

उत्तर : दादा, नुसत्या या पेपरानं नाही लागत, पण हा पेपर पक्का असला की जे दरवाजे उघडतात ते बाकी पेपरांनी उघडत नाहीत. यूपीएससी घेते त्या इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसच्या परीक्षेला अर्थशास्त्राचं एम.ए. चालतं, वय २१ ते ३०, आणि त्यात हा भाग विचारतात. प्राध्यापक व्हायचं तर नेट परीक्षेच्या अभ्यासक्रमातही आहे. आणि एक सांगू, अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल १९६९ साली दिलं ते रॅग्नर फ्रिश आणि यान टिनबर्गेन यांना, याच विषयाच्या कामासाठी. पोरगी बारापर्यंत जागत असेल तर चहा करून द्या तिला.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात तासिका तत्त्वावर शिकवतो. विभागात चालू कॉम्प्युटर दोनच, सॉफ्टवेअर विकत घ्यायला पैसे नाहीत. पोरांना प्रॅक्टिकल कसं दाखवू?

उत्तर : सर, तुम्ही हे विचारताय यातच अर्धं काम झालं. ग्रेटल नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एकदा पेनड्राइव्हने टाकलं की नेट लागत नाही, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. आर नावाचं सॉफ्टवेअर पण फुकट आहे, पण सुरुवातीला पोरं कोड बघून घाबरतात, ते दुसऱ्या सत्रात ठेवा. आणि पोरांच्या हातात फोन आहेच, गूगल शीट्समध्ये स्लोप, इंटरसेप्ट आणि लिनेस्ट ही फंक्शन्स आहेत, वरच्या पाच पावत्या टाकल्या की उणे ७५ आणि ८०२० लगेच येतात. आधी हाताने, मग फोनवर, हा क्रम मात्र मोडू नका.

डेटासाठी ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात. पण मी तुमच्या जागी असते तर पोरांना घरोघरी पाठवलं असतं. धान किती एकर, ओलीत की कोरडवाहू, लग्नात खर्च किती. ओलिताला १ आणि कोरडवाहूला ० लिहिलं की डमी व्हेरिएबल शिकवून झालं, दोघांना दोन वेगळे डमी देऊन इंटरसेप्टही ठेवला की सॉफ्टवेअर त्यातला एक स्वतःच का गाळतं तेही त्यांना लगेच दिसेल. आणि लग्नाचा खर्च एकरासमोर मांडा, दोन एकरवाल्यांचे ठिपके जवळजवळ पडतील आणि वीस एकरवाल्यांचे बहुतेक पार विखरतील, कोणी साधं केलं कोणी पाचशे पंगती उठवल्या. तो पसरत जाणारा पंखा फळ्यावर काढा आणि मग त्याच्याखाली हेटेरोस्केडॅस्टिसिटी, म्हणजे चुकांचा पसारा सगळीकडे सारखा नसणं, हा शब्द लिहा. पोरांनी केलेल्या वह्या जमल्या तर मला पाठवा, मी एकेक वाचीन.