गुरांच्या गावातले कोविडचे चेक: वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात अमेरिकेने कोविडकाळात शेतकऱ्यांना दिलेल्या थेट मदतीचा ओझरता उल्लेख होता. त्यावरून आलेल्या प्रश्नांपैकी काही घेतो. उदाहरण सगळीकडे नेब्रास्का राज्यातल्या चेरी काउंटीचं (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा). क्षेत्रफळ जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढं, माणसं साडेपाच हजारांच्या घरात. बाकी गवताच्या टेकड्या आणि मांसासाठी पाळलेल्या गाई.

जनावरं तर जिवंत होती. मग नुकसान कसलं? – एक वाचक, नाशिक

भावाचं. 2020च्या वसंतात हॉटेलं बंद पडली, कत्तलखान्यांत कामगार आजारी पडून कारखाने थांबले आणि गुरांचे दर कोसळले. 17 एप्रिलला कृषी खात्याने 19 अब्ज डॉलरचं पॅकेज जाहीर केलं. त्यातले 16 अब्ज थेट शेतकऱ्यांच्या खात्यात जाणार होते. पुढे दुसरा टप्पा आणि वाढीव मदत धरून थेट वाटप सुमारे 31 अब्जांवर गेलं.

शेजारच्या दोन रँचवर (गुरं पाळायच्या मोठ्या शेतांवर) सारखीच गुरं असून चेक वेगळे आले, असं वाचलं. वशिला? – एक वाचक, कोल्हापूर

वशिला नाही, तारीख. पहिल्या टप्प्यात 15 जानेवारी ते 15 एप्रिल या काळात विकलेल्या, 600 पौंडांवरच्या (साधारण 272 किलो) वाढीच्या जनावरामागे 139 डॉलर होते. 16 एप्रिल ते 14 मे दरम्यान गोठ्यात असलेल्या जनावरामागे मात्र 33. म्हणजे 10 एप्रिलला शंभर जनावरं विकणाऱ्याला 13,900 डॉलर आणि 20 एप्रिलला विकणाऱ्याला 3,300. भाव दोघांचाही पडलेलाच. चेरीतले बरेच जण वासरं शरद ऋतूत विकतात. त्यांच्याकडे त्या तीन महिन्यांत विकायला फारसं काही नव्हतंच!

ओरड झाली. डिसेंबर 2020च्या कायद्याने 16 एप्रिलनंतर गोठ्यात असलेल्या अशा प्रत्येक जनावरामागे 25.50 डॉलर वाढवून दिले, तेही नव्या अर्जाशिवाय. तरी शंभर जनावरांचे 5,850च झाले. माझ्या मते नियम करणाऱ्यांनी बाजार पाहिला, गाई विण्याचा हंगाम पाहिला नाही. दुसऱ्या टप्प्यात ही चूक बरीचशी सुधारली: 16 एप्रिल ते 31 ऑगस्टमधला आपल्या सोयीचा दिवस निवडा, त्या दिवशीच्या जनावरामागे 55 डॉलर. वसंतात जन्मलेलं वासरूही त्यात बसलं. पैदाशीच्या गाई मात्र वगळल्या.

पंचनामा कोण करत होतं? – निवृत्त तलाठी, परभणी

कुणीच नाही, तुम्हाला पटणार नाही कदाचित! शेतकऱ्याने आकडे स्वतः लिहून सही करायची. काउंटीतल्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या (कृषी खात्याच्याच एका शाखेच्या) कार्यालयात अर्ज द्यायचा, तोही तेव्हा बहुधा फोन-ईमेलवर. विक्रीच्या पावत्या जपून ठेवायच्या, कारण नंतर काही जणांची तपासणी होणार. घाईत पैसा पोचवायचा तर दुसरा मार्ग नव्हता हे मान्य, पण गुरं मोजायला कुणी टेकडीवर चढलं नाही हेही खरं. त्या कार्यालयावर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली समिती असते, हा भाग आपल्याकडे नाही.

मोठ्या धेंडांनीच खाल्लं असेल? – एक वाचक, सांगली

मर्यादा होती: एका व्यक्तीला टप्प्यामागे अडीच लाख डॉलर. कंपनी असेल आणि तीन भागीदार प्रत्येकी 400 तास राबत असतील, तर साडेसात लाखांपर्यंत. पण रक्कम जनावरामागे, त्यामुळे ज्याच्याकडे गुरं जास्त त्याला पैसे जास्त. आपल्या पीएम-किसानचं उलट: कुटुंबामागे वर्षाला 6,000 रुपये, गोठ्यात दोन म्हशी असोत की वीस.

या पैशावर कर लागला का? आणि नुसतं गवत पिकवणाऱ्याचं काय? – एक वाचक, ओमाहा

लागला, शेतीचं उत्पन्न म्हणूनच. गवताला दुसऱ्या टप्प्यात काही नाही. फक्त अल्फाल्फा, म्हणजे आपला लसूणघास, पात्र होता.